चिमटाबाई

पहिल्या भेटीत बाईंनी मला नाव विचारलं नाही, कान मागितला. मी कॉलेजात गणित शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. समोर एक उंच, सडसडीत बाई येऊन उभ्या राहिल्या. आखूड केस, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, हातात कपडे वाळत घालायचा निळा चिमटा. चिमट्याला दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला साबणाच्या डबीएवढी पेटी.

"जेवायच्या आधी कान द्या जरा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं काही सांगायचं आहे, म्हणून मी लक्ष देऊन ऐकू लागले. त्यांनी सरळ माझ्या कानाच्या पाळीला चिमटा लावला, पेटीवरचा आकडा वहीत लिहिला आणि "जेवण झाल्यावर परत येते की," असं म्हणून शेजारच्या टेबलाकडं वळल्या. तिथले सर बोलता बोलताच मान वाकडी करून बसले. त्यांना सवय होती.

त्या इन्स्ट्रुमेंटेशन शिकवायच्या. पोरांनी त्यांचं नाव चिमटाबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. एकदा पेटी कुणीतरी उचलून नेली, तेव्हा त्यांनी नवी पेटी बनवून तिच्यावर जाड अक्षरात लिहिलं, "चिमटाबाईंची वस्तू. हात लावू नये." मला त्या तंगी म्हणायच्या. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात निम्मं बोलणं कानडीत चालायचं आणि उरलेलं मराठीत, आणि एकाच वाक्यात दोन्ही आलं तरी कुणाचं अडायचं नाही. मी नगरकडची. मला दोन वर्षांत "बेड" म्हणजे नको आणि "साकू" म्हणजे पुरे एवढंच आलं, पण बाईंबरोबर तेवढं पुरायचं.

बाईंना अकराव्या वर्षापासून मधुमेह होता. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, असा. म्हणजे पथ्यानं भागत नाही, रोज इंजेक्शन घ्यावंच लागतं, आणि ते किती घ्यायचं हे ठरवायला दिवसातून चार-पाच वेळा बोटाला सुई टोचून साखर बघावी लागते. चाळीस वर्षं त्या बोटं टोचत आल्या होत्या. बोटांची टोकं इतकी निबर झाली होती, की कॉलेजात हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा ते बाईंना ओळखेना. दहाही बोटं लावून झाली. ऑफिसमधला क्लार्क म्हणाला, "मॅडम, तुमचा ठसाच लागंना. रजा मांडू का काय करू?"

बाईंनी तिथंच टेबलावर बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि आलेला आकडा, तारीख, वेळ घालून एका कागदावर सही केली. "ही माझी हजेरी," त्या म्हणाल्या. "मी जिवंत आहे आणि हितं आहे, एवढं यातून कळतंय की." महिनाभर त्या रोज तसा कागद देत होत्या. शेवटी प्राचार्यांनी त्यांच्यासाठी साधं मस्टर परत सुरू केलं.

आकड्याशी त्यांचं वेगळंच नातं होतं. कोणताही आकडा त्या एकटा सांगत नसत, त्याच्या मागोमाग चूक किती असेल तेही सांगत. वेळ विचारली तर "दहा वाजून पाच, दोन मिनिटं इकडंतिकडं." सात रस्ता चौकात रिक्षा थांबवून त्या रिक्षावाल्याला सांगायच्या, "हितनं सातशे मीटर, पन्नास कमीजास्त." तो म्हणायचा, "बसा हो मावशी." विद्यार्थ्यानं नुसता आकडा लिहिला तर त्या पेपरवर लाल पेनानं एवढंच लिहायच्या: "कितपत?"

असल्या बाईंनी आयुष्याची नऊ वर्षं एकाच कामाला दिली होती. सुई न टोचता साखर मोजायची. वर्कशॉपच्या मागं एक खोली होती, पूर्वी तिथं मोडक्या खुर्च्या ठेवत. बाईंनी ती मागून घेतली. कल्पना सांगायला सोपी होती. कानाची पाळी पातळ असते, तिच्यातून प्रकाश आरपार जातो. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात तो असाच, प्रकाशानं. मग वेगळ्या रंगाचा प्रकाश सोडून साखर का दिसू नये? सोबत कानाची ऊब मोजायची, शेवटचं जेवण कधी झालं ते बटणानं सांगायचं, आणि या सगळ्यावरून कॉम्प्युटरनं साखरेचा आकडा काढायचा. कॉम्प्युटरला शिकवायला बाई स्वतःवर प्रत्येक वेळी दोन्ही करायच्या. आधी चिमटा, मग सुई. दोन्ही आकडे शेजारी शेजारी. अशा एकोणतीस वह्या भरल्या होत्या.

दंडाला चिकटवायचे सेन्सर आता मिळतात, ते घ्या, असं मी एकदा म्हटलं. "घेतला होता," त्या म्हणाल्या. "चांगला आहे. पण त्याचीही बारीक तार कातडीखाली राहते, आणि तो संपला की नवा. आपल्या बस-ड्रायव्हरच्या पोरीला कोण सारखा घेऊन देणार?"

मला त्यांनी हिशेब तपासायला ओढलं. मी आलेख काढला. आडव्या रेषेवर सुईचा आकडा, उभ्या रेषेवर चिमट्याचा. ठिपके एका तिरक्या रेषेवर असे मांडले गेले होते, की मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. "बाई, हे जमलंय," मी म्हणाले. बाईंचे डोळे भरून आले होते. तेव्हा त्यांच्या डाव्या डोळ्याची नजर कमी व्हायला लागली होती, साखरेमुळंच, आणि त्या तिकडचं पाणी पुसायच्या तेव्हा औषधाचं आहे म्हणायच्या.

बस-ड्रायव्हर म्हणजे सलीमभाई. त्यांची मुस्कान नऊ वर्षांची, आणि तिला बाईंचाच आजार. पोरगी सुई बघितली की घरभर पळायची. दोघं धरायला लागायचे, तिसऱ्यानं टोचायचं. "मॅडम, बच्ची नक्को बोलती, मेरे से देखा नहीं जाता," ते म्हणायचे. बाईंनी त्यांना कधी मशीन दिलं नाही, अजून तपासायचं आहे म्हणून सांगितलं. पण शाळा सुटल्यावर मुस्कान कॉलेजच्या बसनं बापाबरोबर यायची, बाई तिच्या कानाला चिमटा लावायच्या, आकडा तिला वाचू द्यायच्या. ती हसत वाचायची. आणि सलीमभाई तो आकडा मनात ठेवायचे. संध्याकाळची साखर बघायची सुई त्यांनी हळूहळू बंद केली होती, हे आम्हाला पुढं कळलं.

त्या दिवशी चार वाजता मुस्कान आली ती गप्प होती. कपाळावर घाम. बाईंनी चिमटा लावला, पेटीनं एकशे अठरा दाखवलं. उत्तम आकडा. बाईंनी एकदा पेटीकडं बघितलं, एकदा पोरीकडं. चाळीस वर्षांत साखर उतरताना तसा घाम त्यांना स्वतःला कितीतरी वेळा आला होता.

"सलीमभाई, हात धरा तिचा," त्या म्हणाल्या आणि क्षणात सुई टोचली. रक्तातली साखर एक्केचाळीस निघाली. अजून थोडी उतरली असती तर पोर बेशुद्ध पडली असती. बाईंनी पर्समधला साखरेचा डबा काढला, पाण्यात कालवून मुस्कानला घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी परत टोचलं. अठ्ठ्याहत्तर. मुस्कान रडायला लागली, आणि तिच्या रडण्यानं आम्हा तिघांचा जीव भांड्यात पडला.

सलीमभाई भिंतीला टेकून खाली बसले. "मॅडम, डब्बा तो एकसौ अठरा बोलता था," ते एवढंच म्हणाले.

"डबा चुकला," बाई म्हणाल्या. "मी चुकले."

दुसऱ्या दिवशी सुटी होती. सकाळी दहाला बाईंनी मला खोलीवर बोलावलं. टेबलावर एक टॉवेल होता, आपल्या सोलापुरी मागावरचा साधा पांढरा टॉवेल. बाईंनी तो कोमट पाण्यात बुडवून पिळला, घडी घालून कानाच्या पाळीएवढा जाड केला आणि त्याला चिमटा लावला. बटण दाबून सांगितलं, नाश्ता दोन तासांपूर्वी झाला. पेटीनं एकशे छत्तीस दाखवलं.

मग त्यांनी स्वतःचं बोट टोचलं. एकशे तेहतीस.

मला समजायला थोडा वेळ लागला. बाईंचं आयुष्य घड्याळासारखं होतं. आठला नाश्ता, एकला दीड कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वाटीभर दही, इंजेक्शनच्या वेळा ठरलेल्या. त्यामुळं त्यांची साखरही रोज ठरल्या वेळी चढायची आणि ठरल्या वेळी उतरायची. कॉम्प्युटर तेवढंच शिकला होता. जेवून इतका वेळ झाला, ऊब इतकी आहे, म्हणजे साखर इतकी. प्रकाशाचा त्यात जवळजवळ काही भागच नव्हता. बाकीच्या आम्हा निरोगी लोकांची साखर शंभराच्या आसपासच असायची, त्यामुळं आमच्यावरही तो खरा वाटत गेला.

"नऊ वर्षं हा माझी साखर मोजत नव्हता, तंगी," बाई म्हणाल्या. "माझं घड्याळ मोजत होता."

माझाही आलेख होता तो. मी गणित शिकवते, मला ते आधी दिसायला हवं होतं. मी तसं म्हणाले. बाई म्हणाल्या, "रडायचं असंल तर पाच मिनिटं रड. मग प्राचार्यांच्या घरी जायचंय."

कारण पुढच्याच आठवड्यात कार्यक्रम ठरला होता. संस्थेनं पत्रकं छापली होती, "सुईविना साखर". पुण्याच्या एका कंपनीची माणसं येणार होती, गावातले डॉक्टर येणार होते. प्राचार्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"मॅडम, तुमच्या कानाला लावलं तर आकडा बरोबर येतो ना?"

"येतो."

"मग तुमच्याच कानाला लावा. शेजारी सुईनं मोजून दाखवा. यात खोटं काय बोलायचंय? बाकीचं पुढं सुधारता येईल. आत्ता मागं घेतलं तर तुमची खोली जाईल, काम बंद पडेल. नऊ वर्षं आहेत तुमची."

बाहेर आल्यावर बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. "सर म्हणतात ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "एक शब्द खोटा बोलावा लागणार न्हाय. म्हणून लई अवघड आहे बघ."

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. आधी सत्कार झाला, आमच्याकडं सत्कार म्हणजे टॉवेल, तसा बाईंच्याही खांद्यावर एक टॉवेल आला. मग त्या उभ्या राहिल्या. स्वतःच्या कानाला चिमटा लावला. मोठ्या पडद्यावर आकडा आला, एकशे बत्तीस. बोट टोचलं. एकशे एकोणतीस. टाळ्या पडल्या, पुढच्या रांगेतले डॉक्टर एकमेकांकडं बघून मान डोलवू लागले. प्राचार्यांचा चेहरा मोकळा झाला.

टाळ्या थांबेपर्यंत बाई थांबल्या. मग थर्मासमधलं कोमट पाणी तांब्यात ओतलं, खांद्यावरचा टॉवेल त्यात बुडवला, पिळला, घडी घातली आणि चिमटा त्याला लावला.

पडद्यावर एकशे एकतीस आलं.

"या टॉवेलला मधुमेह न्हाय," बाई म्हणाल्या. "माझ्या मशीनला साखर दिसत न्हाय. ते अंदाज करतं, आणि माझ्यावर तो अंदाज बरोबर येतो. गेल्या आठवड्यात एका लेकरावर तो चुकला. ते वाचलं, कारण आम्ही सुई टोचली. असलं मशीन कुणी विकायला आलं तर आधी त्याला टॉवेल लावून बघा. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी सुई सोडू नये." नमस्कार करून त्या खाली उतरल्या.

कंपनीची माणसं चहाला थांबली नाहीत. महिन्याभरात खोली गेली, मोडक्या खुर्च्या परत आल्या. बाईंनी सगळ्या वह्या रिक्षातून घरी नेल्या. पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, "हे चुकलं. कसं चुकलं ते आतल्या पानापासून वाचावं," आणि त्यातल्या पानांच्या झेरॉक्स काढून असंच काम करणाऱ्या जेवढ्या लोकांचे पत्ते माहीत होते तेवढ्यांना पाठवल्या. दोघांचीच उत्तरं आली. एकानं आभार मानले. दुसऱ्यानं लिहिलं, आमच्याही मशीनला टॉवेल लावला, आम्हीही बंद केलं.

मुस्कानकडं मात्र बाई, तिची साखर उतरली तेव्हापासूनच, जायला लागल्या होत्या. बसच्या पायरीवर दोघी शेजारी बसायच्या. "आधी माझं बोट, मग तुझं," असं ठरलं होतं. बोटाच्या मधोमध टोचलं तर जास्त दुखतं, कडेला कमी, हे बाईंनी तिला दाखवलं. पंधरा दिवसांनी मुस्कान स्वतः टोचायला लागली. एकदा तर तिनं बाईंना दटावलं, "टीचर, तुमी कडेला नाय टोचलं." बाईंनी निमूट दुसरं बोट पुढं केलं.

मला वाटलं होतं, बाई आता खचतील. आठवडाभर त्या कमी बोलल्या, एवढंच. मग एका दुपारी डबा खाताना म्हणाल्या, "प्रकाशाला साखर दिसत न्हाय, निदान मला दाखवता येत न्हाय. मग त्याला जे दिसतं तेच विचारावं की. पिवळं दिसतं त्याला. चांगलं दिसतं."

नवजात बाळांना कावीळ होते. बहुतेकांची आपोआप जाते, पण काहींची वाढत जाऊन मेंदूला धोका करते. किती आहे ते बघायला बाळाच्या टाचेतून रक्त काढतात. कपाळाला लावून प्रकाशानं कावीळ मोजणारी यंत्रं मोठ्या दवाखान्यांत पूर्वीपासून आहेत, बाईंनी ती शोधली असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांना गावातल्या दवाखान्यात नेता येईल असं साधं, स्वस्त यंत्र हवं होतं. एका बालरोगतज्ज्ञांना गाठलं, रीतसर परवानग्या घेतल्या, आणि परत वह्या सुरू झाल्या. कपाळ, छाती, मग रक्त. पहिल्याच दिवशी यंत्राला टॉवेल लावला. यंत्रानं शून्य दाखवलं. मग पिवळा टॉवेल लावला. ते भांबावून भलताच आकडा दाखवू लागलं, म्हणजे त्याला पिवळं खरंच दिसत होतं, आणि बाई खूश झाल्या.

या यंत्रावर बाईंनी एक जास्तीची गोष्ट घातली. कपाळाचा आणि छातीचा आकडा जुळला नाही, किंवा आकडा धोक्याच्या जवळ गेला, तर ते आकडा दाखवतच नाही. पडद्यावर दोनच शब्द येतात, "रक्त तपासा". डॉक्टरांनी समजावलं, "मॅडम, मला येत नाही असं सांगणारं यंत्र कोण वापरील?" बाई म्हणाल्या, "जो वापरंल त्याच्यासाठी करतेय." त्यावर दोन महिने वाद चालला. बाई हटल्या नाहीत.

गेल्या वर्षी यंत्र कसं चालतंय ते बघायला आम्ही वेळापूरला गेलो होतो. बाई निवृत्त झाल्यात, डाव्या डोळ्यानं आता जवळजवळ दिसत नाही, म्हणून वाचायला मी बरोबर असते. तिथल्या दवाखान्यात चार दिवसांचं एक बाळ घेऊन त्याची आजी आली होती. सावळं बाळ, डोळे मिटलेले. सिस्टरनी कपाळाला यंत्र लावलं, मग छातीला. पडद्यावर "रक्त तपासा" आलं. परत लावलं. परत तेच.

"बिघडलं का काय वं?" आजीनं विचारलं.

"न्हाय आजी, बरोबर चाललंय," बाई म्हणाल्या. "त्याला नक्की कळंना झालंय, ते सांगतंय."

"कळंना तर मग कशाला ठेवलंय? बाळ तर गप झोपतंय. तरास देत न्हाय अजिबात."

"कालपासून झोपतंय का?"

"व्हय. दूध बी घेईना, झोपतंच हाय."

बाई उठल्या. "आमची गाडी बाहेर आहे. आत्ता निघायचं. बाळाच्या आईला घ्या."

आजी तयार नव्हती. अजून बारसं व्हायचं होतं, एवढ्या लहान बाळाला कुठं बाहेर काढायचं. बाईंनी वाद घातला नाही. तिच्या शेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी बी एकदा लेकरू गप्प असताना मशीनवर विश्वास ठेवणार होते, आजी. ठेवला असता तर ती पोर आज नसती. रक्त बरं निघालं तर मला शिव्या द्या, मी ऐकून घेईन. पण आत्ता चला." आजीनं पदर खोचला.

अकलूजच्या मोठ्या दवाखान्यात पोचायला अर्धा तास लागला नाही. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी बाळाला लगेच निळ्या दिव्याखाली घेतलं. "उद्या आणलं असतं तर अवघड होतं," ते म्हणाले. आजी काचेला नाक लावून उभी राहिली, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या त्या इवल्या जिवाकडं बघत. बाई तिच्यामागं खुर्चीवर बसल्या होत्या, बाळाच्या आईचा हात हातात घेऊन.

चौथ्या दिवशी सिस्टरांचा फोन आला. बाळ घरी गेलं होतं.

"दूध ओढतंय का?" बाईंनी विचारलं.

"ओढतंय की मॅडम. रडून रडून सगळी आळी जागी ठेवलीय म्हणे."

"रडू दे," बाई म्हणाल्या. फोन ठेवून त्या माझ्याकडं वळल्या. "तंगी, उद्या सकाळी सातला निघायचं. त्या बाजूचे अजून चार दवाखाने राहिलेत."